दोन शिट्ट्या

१

डोंगराच्या फोटोत एक तरी माणूस हवाच, असा फोटोवाल्याचा नियम होता. माणूस नसला तर डोंगर केवढा ते कळत नाही, असं त्याचं म्हणणं. कडा कमरेएवढा आहे की ढगाला टेकलाय, हे बघणाऱ्यानं ठरवायचं कशावरून? म्हणून दर वर्षी पानगळीच्या तोंडावर, झाडांचे रंग ऐन भरात असताना, तो बायकोला पिवळं जाकीट चढवून डोंगराच्या धारेवर न्यायचा आणि लांब कुठंतरी उभी करायचा. बायको त्याला आपली फूटपट्टीची नोकरी म्हणायची. पगार नाही, रजा नाही, वर फुकटचा वारा.

वारा असा, की तिथं मारलेली हाक तिथंच विरायची. त्यामुळे फोटोवाल्याच्या गळ्यात पत्र्याची शिट्टी असे. एक शिट्टी वाजली की आहेस तिथं थांबायचं, उजवा हात वर करायचा आणि हलायचं नाही. हात वर असला की लांबूनही माणूस माणसासारखा दिसतो, नाहीतर बघणारे त्याला खोड समजून पुढं जातात. दोन शिट्ट्या वाजल्या की काम झालं, बाई मोकळी. एका वर्षी फोटोवाला कॅमेऱ्याची काच पुसता पुसता तिला विसरला आणि चहा प्यायला खिंडीत उतरला. आठवण झाल्यावर धापा टाकत वर आला, तर ही अजून तशीच उभी, हात वर. ओठ निळे पडले होते. त्यानंतर वर्षभर तिनं त्याला ऐकवलं.

“मेले असते तरी तुमच्या दोन शिट्ट्यांशिवाय खाली पडले नसते,” असं ती चारचौघांत सांगायची. फोटोवाला हसायचा, पण ते निळे ओठ काही त्याच्या डोळ्यांपुढून गेले नाहीत.

घरातही तो खेळ चाले. लेक लहान असताना जेवणाच्या वेळी फोटोवाला एक शिट्टी वाजवी, आणि बायको हातात वाढायची पळी घेऊन जागच्या जागी पुतळा होई. लेक खुर्चीवरून हसून हसून पडायची. लेक मोठी झाली, बापाच्या स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसायला लागली, तरी खेळ मोडला नाही.

आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. फोटोवाल्याचा उजवा कान लहानपणच्या आजारात गेला तो गेलाच. त्या बाजूनं ढोल बडवला तरी पत्ता लागायचा नाही. म्हणून बायकोनं लग्नानंतर त्याची डावी बाजू पकडली ती कायमची. आणि चढ लागला की ती गुणगुणायची. लेकीला झोपवताना तिनं स्वतःच जुळवलेली चाल होती ती, शब्द नव्हते. चाल एका जागी वर चढायची आणि तिथं ती दर वेळी घसरायची. मग ‘च्’ करून पुन्हा पहिल्यापासून. इतक्या वर्षांत ती जागा तिला एकदाही साधली नव्हती. दाट धुक्यातही फोटोवाला त्या चुकीवरून बायको कुठं आहे ते ओळखायचा.

२

या वर्षी गावातल्या दंतवैद्यानं नव्या दवाखान्यासाठी भिंतभर लांबीचा फोटो मागितला.

“दाढ दुखत असली की माणसाला काहीतरी लांबचं बघायला पाहिजे,” तो म्हणाला.

एवढा लांब फोटो एका दमात निघत नाही. कॅमेरा स्टँडवर ठेवून डावीकडून उजवीकडे थोडा थोडा फिरवायचा, तुकडे काढायचे, आणि मग लेकीनं ते कॉम्प्युटरवर सांधायचे. यात एक गंमत करता येते. ती युक्ती बायकोचीच. आधी डाव्या टोकाला उभं राहायचं. तो तुकडा निघाला की कॅमेरा मधला भाग टिपेपर्यंत पळत उजव्या टोकाला जायचं आणि पुन्हा हात वर करायचा. एका फोटोत एकच बाई दोनदा! दंतवैद्याकडे रडत आलेली पोरं तिला शोधण्यात रडणं विसरतील, असा तिचा हिशेब.

धार तिथं विळ्यासारखी वळली आहे. दोन टोकांना दोन टेकाडं. मधल्या खोलगट भागात लाल-पिवळी झाडी, आणि झाडीच्या डोक्यावर उभा कातळकडा. कॅमेरा लावायचा तो त्या कड्याच्या माथ्यावर. कडाही आत वळलेला, त्यामुळे त्याचा पायथा माथ्यावरूनही फोटोत येतो. पायवाट डाव्या टेकाडावरून झाडीत उतरते, कड्याच्या खालून जाते आणि उजव्या टेकाडावर निघते. झाडीत शिरलेला माणूस बराच वेळ दिसत नाही.

सगळं नेहमीसारखं चाललं होतं. बायको डाव्या टेकाडावर उभी राहिली. एक शिट्टी, फोटो, दोन शिट्ट्या. तिनं दोन्ही हात हलवले आणि पळत झाडीत उतरली. फोटोवाला मधल्या तुकड्यांना लागला. ऊन ये-जा करत होतं, सगळे तुकडे एकाच उन्हातले हवेत म्हणून तो थांबून थांबून काढत होता. दरीतून धुकं चढायला लागलं होतं. काच सारखी दमट होई, ती पुसायची, स्टँड वाकडा झाला नाही ना ते बघायचं. जाकिटाची टोपी त्यानं कानांवरून ओढून घेतली होती. असं काम चालू असलं की फोटोवाले डोंगर बघत नाहीत, ते काम कॅमेऱ्याचं.

शेवटच्या तुकड्यासाठी त्यानं मान वर केली, तर बायको उजव्या टेकाडावर पोचलेलीसुद्धा होती. हात वर. शिट्टी वाजायच्या आधीच.

‘आज फारच घाई दिसतेय हिला,’ त्याच्या मनात आलं. तरी नियम तो नियम. त्यानं एक शिट्टी वाजवली आणि फोटो काढला. तेवढ्यात धुक्याचा लोट टेकाडावरून वाहत आला आणि पिवळा ठिपका पुसला गेला.

दोन शिट्ट्या वाजवायला त्यानं शिट्टी पुन्हा ओठांत धरली, आणि मागून त्याच्या खांद्यावर हात पडला.

बायको होती. चेहरा पांढराफटक, छाती भात्यासारखी हलत होती. “चला,” ती म्हणाली. म्हणजे नुसते ओठ हलले, आवाज आलाच नाही.

“अगं, आत्ता तर तू तिकडं...”

तिनं त्याची बाही धरली आणि ओढली. धुकं अंगावर येत होतं, कॅमेरा भिजत होता. फोटोवाल्यानं घाईघाईनं सामान गुंडाळलं. शिट्टी खिशात गेली.

दर वर्षी उतरताना ती पुढं असायची. या वेळी ती त्याच्या पाठीशी चालली. खिंडीतल्या चहावाल्यानं “वहिनी, चहा!” म्हणून हात केला, तरी थांबली नाही. आणि वाटेत ती एकदाही गुणगुणली नाही.

३

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घसा पार बसलाय, आठवडाभर तोंडातून शब्द काढायचा नाही.

“एवढ्या ओरडलात कुणाच्या नावानं?” त्यांनी विचारलं. बायकोनं नुसती मान हलवली आणि खिडकीकडे बघत राहिली.

घरी फोटोवाल्यानं तिचं जाकीट धुवायला घेतलं. पुढची बाजू मातीनं भरली होती, कोपरांवर कापड फाटलं होतं. तिच्या तळहातांवर खरचटल्याच्या रेघा होत्या. पायवाट तर मऊ मातीची. एवढं खरचटायला ही गेली कुठं? त्यानं विचारलं तेव्हा तिनं बोटानं घसा दाखवला. बरोबरच होतं. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट त्याला जेवताना जाणवली. टेबलापाशी बायकोची खुर्ची त्याच्या डाव्या हाताला असायची. आता ती उजव्या हाताच्या खुर्चीवर बसायला लागली.

“तिकडं का? तिकडून मला काही ऐकू येत नाही.”

ती हसली आणि तिथंच बसून राहिली. ‘तशीही ती बोलत नाहीये,’ त्यानं स्वतःला समजावलं, ‘मग कुठला कान का असेना.’ ती जेवता जेवता समोरच्या दाराकडे बघत होती. जेवण निम्मं पानात राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या जाकिटाच्या खिशात त्याच्या हाताला शिट्टी लागली. घरातलं वातावरण कोंदट झालं होतं, जरा हसू यावं म्हणून फोटोवाल्यानं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ती वाजवली. एकदा.

बायको पुतळा झाली नाही. तिच्या हातातलं पातेलं खाली पडलं, पाणी फरशीभर झालं. त्या पाण्यातून चालत ती आली, त्याच्या हातातून शिट्टी हिसकून घेतली आणि कपाटाच्या खणात, फडक्यांच्या खाली कोंबली.

“बाबा, तिला बरं नाहीये आणि तुम्हाला खेळ सुचतायत,” लेक म्हणाली.

फोटोवाला ओशाळला. त्यानं फरशी पुसून घेतली. पण पुसताना एकच गोष्ट त्याच्या डोक्यात घोळत होती. इतक्या वर्षांत ती एका शिट्टीला हलली, असं आज पहिल्यांदा घडलं होतं.

४

स्टुडिओत लेकीनं तुकडे सांधायला घेतले. बाहेरच्या खोलीत फोटोवाला एका म्हातारबुवांचा पासपोर्टचा फोटो काढत होता. म्हातारबुवांना हसायचं होतं आणि पासपोर्टवर हसून चालत नाही, यावर दोघांची हुज्जत चालली होती. आतून लेकीनं हाक मारली.

“बाबा, आई दोनदा यायची होती ना फोटोत?”

“हो. दोन्ही टोकांना.”

“मग ही तीनदा कशी आली?”

म्हातारबुवांना हसत ठेवून तो आत गेला. पडद्यावर सगळी धार पसरली होती, आणि खरंच सांगायचं तर आजवरचं त्याचं हे सगळ्यात चांगलं काम होतं. झाडी पेटल्यासारखी दिसत होती. डाव्या टेकाडावर पिवळा ठिपका, हात वर. उजव्या टेकाडावर पिवळा ठिपका, हात वर. आणि मधे, कातळकड्याच्या पायथ्याशी, झाडी संपते तिथं, तिसरा. याचा हात वर नव्हता. दोन्ही हात कातळाला लावलेले होते.

“सांधताना होतं असं कधी कधी,” लेक म्हणाली. “कुठला तरी तुकडा दुहेरी बसला असेल. पुसून टाकते.”

“राहू दे,” तो म्हणाला.

“अहो, दंतवैद्य काय म्हणतील?”

“राहू दे म्हटलं ना.”

त्याचा आवाज चढला. लेक उठून बाहेर म्हातारबुवांकडे गेली.

५

लेक जेवायला घरी गेल्यावर फोटोवाल्यानं सांधलेला फोटो बंद केला आणि सुटे तुकडे एकेक करून उघडले. सांधताना गोंधळ झाला असेल, तर सुट्या तुकड्यात काही दिसायला नको. साधी गोष्ट होती.

पायथ्याचा तुकडा उघडला. ती होती. दोन्ही हात कातळाला.

पुढचा तुकडा. ती अर्ध्या कड्यावर होती; सांधताना हा भाग झाकला गेला होता. त्या कड्यावर आजवर कुणी चढल्याचं त्यानं ऐकलं नव्हतं. चेहरा वर, थेट कॅमेऱ्याकडे. त्यानं चित्र मोठं केलं. नुसते ठिपके दिसत होते, तरी तोंड उघडं आहे एवढं कळत होतं. पार उघडं.

फोटोवाल्यानं उठून खोलीतला दिवा लावला. बाहेर दुपारचं ऊन होतं, दिव्याची गरज नव्हती. समोरच्या दुकानातला रेडिओ चालू होता, त्याचा त्याला आधार वाटला.

शेवटचा तुकडा. उजव्या टेकाडावर त्याची बायको, ताठ, हात वर, शिस्तीत, दर वर्षीसारखी. आणि त्याच चित्राच्या डाव्या कडेला, अगदी कॅमेऱ्यापाशी, पिवळी पुसट बाही. इतकी जवळ की धागे दिसावेत.

हे काही दोन तुकडे नव्हते. बटण एकदाच दाबलेलं होतं. एका क्षणी एक जण तिकडं उभी होती आणि एक जण त्याच्या हाताच्या अंतरावर होती.

फोटोवाला तसा सरळ डोक्याचा माणूस. लोकांनी आणलेले भुताचे फोटो त्यानं आयुष्यभर हसत हसत परत केले होते. उन्हाची तिरीप असते, काचेवरचा डाग असतो, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. आताही तो डाग शोधत राहिला. डागाला बाही नसते. मग त्यानं दुसरा विचार करून बघितला, आणि तो केला नसता तर बरं झालं असतं. दोघींतली एक त्याची बायको. कुठली? एक नियमाप्रमाणं, सांगितलेल्या जागी, हात वर करून उभी होती, आणि दोन शिट्ट्यांशिवाय हलणारी नव्हती. दुसरी माणूस चढू शकत नाही अशा जागेवरून तोंड वासून चढत होती.

त्यातली कुठली त्याच्याबरोबर घरी आली, ते त्याला माहीत होतं.

मन चिंती ते वैरी न चिंती. संध्याकाळी घरी गेला तेव्हा ती उजव्या हाताच्या खुर्चीवर बसली होती, दाराकडे तोंड करून. त्याला बघून तिच्या चेहऱ्यावर एकदम सुटकेचं हसू आलं. त्याला काही हसता आलं नाही.

“त्या दिवशी तू वर आलीस कुठून?” त्यानं विचारलं.

तिनं आधी दाराकडे बघितलं. मग कुजबुजली, “आत्ता नको.”

६

पुढं काही दिवसांनी चहावाल्याचा फोन आला.

“साहेब, वहिनी बऱ्या आहेत ना?”

“घसा बसलाय. बाकी बरी आहे.”

“म्हणजे घरीच आहेत.”

“हो. का?”

चहावाला म्हणाला, “काही नाही हो. पानं गळली ना, आता खिंडीतून उजवं टेकाड स्वच्छ दिसतं. तिथं पिवळं जाकीट उभं असतं. सकाळी बघा, दुपारी बघा. हात वर. मला वाटलं, साहेब परत फोटो काढतायत आणि नेहमीसारखे वहिनींना विसरले. मी वर जाऊन आलो, तर कुणी नाही. खाली येऊन बघितलं, तर आहे.” तो हसला, पण हसू मधेच तुटलं. “मी दुकान बंद करून उतरतोय आजच. या वर्षी जरा लवकरच थंडी पडलीये.”

फोटोवाल्यानं फोन ठेवला आणि खुर्चीत बसला. इतके दिवस भीती होती. आता त्याला रडू आलं. तो तिला विसरला होता. पुन्हा विसरला होता! एक शिट्टी वाजवली, आणि नंतरच्या दोन वाजवायच्या राहिल्या. तिचे ते निळे ओठ, आणि ती हसत सांगायची ते वाक्य. ती तिथं उभी होती, आणि घरात त्याच्या टेबलाशी कोण जेवत होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कॅमेऱ्याची पिशवी भरली. “शेवटचा तुकडा नीट आला नाही. परत काढून येतो,” तो म्हणाला.

बायको दारात आडवी उभी राहिली. “दंतवैद्याला दुसरं काहीतरी द्या,” ती कुजबुजली. “फुलं द्या. समुद्र द्या.”

“काम अर्धं टाकायची सवय नाही मला.”

तिला कळलं असावं की हा ऐकणार नाही. तिचे खांदे खाली आले. “मग शिट्टी ठेवून जा.”

‘ही शिट्टीला घाबरते,’ फोटोवाल्याला वाटलं, आणि उरलीसुरली शंका फिटली. खणाशी तो आधीच जाऊन आला होता. “आहे की खणातच,” तो म्हणाला. शिट्टी त्याच्या खिशात होती.

तिनं त्याची बाही धरली होती. त्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली. त्या बोटांना हात लावताना त्याच्या अंगावर काटा आला आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

७

चहावाल्याच्या टपरीला कुलूप होतं. फोटोवाला न थांबता वर चढला. धारेवर रंग म्हणून उरला नव्हता, नुसती खोडं आणि पायाखाली कुजलेली पानं. वारा पडला होता. इतकी शांतता त्यानं तिथं कधी ऐकली नव्हती.

कड्याच्या माथ्यावर त्याच्या स्टँडच्या पायांच्या खुणा अजून होत्या. तो त्यांच्यापाशी उभा राहिला आणि उजवीकडे बघितलं.

ती होती.

त्यानं कॅमेऱ्याला लांबचं जवळ आणणारी काच लावली. जाकिटाची टोपी डोक्यावर होती, चेहरा सावलीत. खांद्यांवर, वर केलेल्या बाहीवर, टोपीच्या घडीत भूर्जाची पिवळी पानं साचली होती, अंगणात विसरलेल्या खुर्चीवर साचतात तशी. हात जरासुद्धा खाली आला नव्हता.

“अगं,” तो म्हणाला, “अगं, काय हे.” त्याचे डोळे भरून आले. आता आणखी एक क्षणही तिला तसं उभं ठेवणं त्याला सहन होईना. त्यानं खिशातून शिट्टी काढली आणि छातीत होता नव्हता तेवढा वारा घालून वाजवली. एकदा. दोनदा.

हात खाली आला.

सावकाश आला, अवघडलेला असल्यासारखा. मग ती वळली, पायवाटेला लागली आणि उघड्याबोडक्या झाडांत उतरली. पिवळं थोडा वेळ खोडांमागून दिसत राहिलं, मग दिसेनासं झालं.

खिशातला फोन वाजायला लागला. त्यानं तो डाव्या कानाला लावला.

“वाजवलीत?” बायको होती. आवाज फाटका, चिरका, पण आवाज होता. “खणात शिट्टी नाहीये. अहो, वाजवलीत का?”

“तू...”

“ऐका आधी. मी त्या टोकाला गेलेच नव्हते. झाडीतून बाहेर आले, तर तिथं आधीच कुणी उभं होतं. माझं जाकीट घालून, हात वर करून. तुम्ही कॅमेरा तिकडं वळवत होतात. मी खालून ओरडले, घसा फुटेपर्यंत ओरडले. तुमचं लक्ष कुठं होतं? मग सरळ कडाच चढले. कशी चढले देव जाणे.”

“मला सांगायचं नाही होय?” त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही इतकं ते हळू होतं.

“सांगितलं असतं तर तुम्ही फोटो काढायला गेला असतात.” ती रडत होती. “म्हणून इतके दिवस तुमच्या बहिऱ्या बाजूला दाराकडे बघत बसले. म्हटलं, तुमच्या मागोमाग येतंय की काय. एकच वाजवली ना? दोन नाही ना वाजवल्या?”

ही त्याची बायको होती. खरचटल्या हातांची, घसा फुटलेला असताना त्याच्यासाठी दाराशी पहारा करणारी. आणि त्यानं तिची बोटं सोडवली होती.

“बोला ना.”

खालच्या झाडीतून गुणगुणणं ऐकू यायला लागलं.

क्षणभर त्याला वाटलं, फोनमधूनच येतंय. त्यानं फोन कानाशी आणखी घट्ट धरला. त्यात बायकोचे हुंदके होते, दुसरं काही नव्हतं. डावा कान फोननं बुजला होता. गुणगुणणं उजव्या बाजूनं येत होतं, उजव्या कानात, लहानपणापासून मेलेल्या त्या कानात, लख्ख. चाल तीच होती. लेकीला झोपवायची. जवळ येत होती. वर चढायच्या जागेपाशी आली, आणि फोटोवाला श्वास रोखून त्या चुकीची वाट बघत राहिला.

चूक झाली नाही. सूर अलगद वर गेला.

“दाराला कडी घाल,” तो फोनमधे म्हणाला. “लेकीला आत घे. आणि मी आलो तरी लगेच उघडू नकोस.”

“म्हणजे काय? अहो, पळा. काही विचार करू नका, पळा ना!”

त्यानं वळून पाऊल उचललं. शिट्टी त्याच्या उजव्या मुठीत होती, इतकी घट्ट की पत्र्याची कड तळहातात रुतत होती. गुणगुणणं थांबलं. आणि खाली, कड्याच्या अगदी पायथ्याशी, शिट्टी वाजली.

एकदाच.

फोनमधे बायको त्याला हाका मारत होती. फोटोवाला हलला नाही. त्याचा उजवा हात आपोआप वर गेला.